डिप्लॉय केलं की एक-दोन पॉड ४० मिनिटं स्टेट परत भरत बसतात, ग्रेस पिरियड वाढवूनही फरक नाही

घाटरस्ता

मंडळी, तीन आठवडे या एकाच गोष्टीत अडकलोय, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

आमचं काफ्का स्ट्रीम्सचं ॲप आहे (काफ्का म्हणजे येणाऱ्या नोंदी रांगेत साठवणारी सिस्टिम, स्ट्रीम्स ही त्या वाचून काम करणारी जावा लायब्ररी), स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर, कुबरनेटीसमध्ये चालतं. ट्रकचे जीपीएस पिंग येतात, प्रत्येक गाडीची शेवटची जागा आणि चालू ट्रिप स्टेट स्टोअरमध्ये (ॲपच्या स्वतःच्या लोकल साठ्यात) ठेवतो, मग एका एचटीटीपी सर्व्हिसला विचारून त्या जागेचा पत्ता घेतो आणि पोस्टग्रेसमध्ये ओळ टाकतो. १२ पार्टिशन (पिंगच्या रांगेचे तुकडे), ६ पॉड (कुबरनेटीसवर चालणाऱ्या ॲपच्या प्रती), प्रत्येकात २ स्ट्रीम थ्रेड. एक्झॅक्टली वन्स, म्हणजे प्रत्येक नोंद बरोबर एकदाच धरली जाते तो मोड, चालू आहे (व्ही टू). स्टेटफुलसेट आहे, प्रत्येक पॉडला स्वतःची डिस्क आहे, म्हणजे स्टेट डिरेक्टरी पॉड गेला तरी राहते, हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न तोच येणार.

प्रॉब्लेम असा की डिप्लॉय केलं की सहातले चार-पाच पॉड मिनिटभरात उभे राहतात आणि उरलेले एक-दोन चेंजलॉग टॉपिकमधून (काफ्कातली स्टेटच्या प्रत्येक बदलाची नोंदवही) सगळं स्टेट पहिल्यापासून वाचत बसतात, ३५ ते ४० मिनिटं. दर वेळी वेगळे पॉड. तेवढा वेळ त्या पार्टिशनवरच्या गाड्या नकाशावर जिथल्या तिथे थिजलेल्या, गाडी प्रत्यक्षात खंडाळा उतरून पुढे गेलेली असते आणि कस्टमरला ती अजून तळेगावलाच दिसते. मग फोन सुरू होतात, आणि ते फोन घेणारी मुलं माझ्या शेजारच्याच बेंचवर बसतात, त्यांचं रोज ऐकतोय.

मला वाटलं ३० सेकंदांत बंद व्हायला पुरत नसेल, म्हणून टर्मिनेशन ग्रेस पिरियड (पॉडला बंद व्हायला मिळणारी मुदत) आधी ६० केला मग १२०. शून्य फरक. आणि गंमत नाही पण खरंच कळत नाहीये की रात्री ११ ला स्टेजिंगवर (चाचणीच्या सेटअपवर) दहा वेळा पॉड डिलीट करून बघितला, दहाही वेळा स्वच्छ बंद झाला आणि लगेच उठला. प्रॉडक्शनवर संध्याकाळी केलं की हमखास होतंच. कुठून शोधायला सुरुवात करू?

सांगलीकर_देवऑप्स

भावा आधी दोन गोष्टी बघ, दोन्ही आम्हाला चावल्यात.

एक, तुझ्या इमेजचा एंट्रीपॉइंट काय आहे? शेल स्क्रिप्टमधून जावा सुरू करत असशील आणि शेवटच्या ओळीत एक्झेक लावलं नसेल तर पीआयडी १ (कंटेनरमधली पहिली प्रोसेस) शेल असतो, सिगटर्म (बंद हो असा सिग्नल) त्या शेलला जातो, तो पुढे जावाला देतच नाही. जावा बिचारा आपलं काम करत बसतो आणि ग्रेस संपला की सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने ठार. पण तसं असतं तर सहाही पॉडला झालं असतं म्हणा.

दोन, स्प्रिंग काफ्काचं व्हर्जन. २.७ च्या आधी फॅक्टरी बीन (स्प्रिंग सांभाळतं तो स्ट्रीम्सचा ऑब्जेक्ट) थांबताना डिफॉल्टनेच क्लीनअप करायचा, म्हणजे लोकल स्टेट पुसूनच टाकायचा, कितीही नीट बंद केलंस तरी. २.७ पासून डिफॉल्ट बदलला. जुनं असेल तर आधी ते.

आणि ग्रेस ३०० करून टाक एकदाचा, डिप्लॉय जरा हळू होईल एवढंच.

जावावाली_ताई

३०० करू नकोस रे, निदान आत्ता नको. किती वेळ लागतोय ते माहीत नसताना आकडा वाढवत गेलास तर खरं कारण आणखी खाली दडपेल. ३० चे १२० केल्यावरही काहीच बदललं नाही, हाच मला सगळ्यात मोठा पुरावा वाटतोय. वेळ कमी पडत असती तर १२० ला थोडा तरी फरक दिसला असता.

आधी एक्झिट कोड बघ. १३७ असेल तर १२८ अधिक ९, म्हणजे बाहेरून सिगकिल आला (मेमरी संपली तरी १३७च येतो, तिथे रीझनमध्ये ओओएमकिल्ड लिहिलेलं असतं). १४३ असेल तर १२८ अधिक १५, म्हणजे सिगटर्म आला आणि प्रोसेस आपल्या पायाने बाहेर पडली. या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत, आणि तू पहिली धरून चालला आहेस.

अडचण अशी की डिप्लॉयमध्ये जुना पॉड ऑब्जेक्टच जातो, त्यामुळे डिस्क्राइबमध्ये (पॉडची माहिती दाखवणारी कमांड) मागचं काही उरत नाही. म्हणून पॉड डिलीट करू नको, कंटेनरच्या आत जाऊन पीआयडी १ ला सिगटर्म पाठव. कंटेनर त्याच पॉडमध्ये रीस्टार्ट होतो, मग डिस्क्राइब केलंस की लास्ट स्टेटमध्ये एक्झिट कोड आणि संपल्याची वेळ दोन्ही मिळतात. याचा आणखी एक फायदा आहे, इथे कुबरनेटीसचा ग्रेस पिरियड मध्ये येतच नाही, मागून सिगकिल मारायला कोणी नाही. तरीही ॲप अर्धवट मेलं तर दोष आतला. आणि सांगलीकर म्हणतात तसा शेल पीआयडी १ ला बसला असेल तर काहीच होणार नाही, ते पण त्यातच कळेल.

हे प्रॉडक्शनसारख्या लोडवर कर. रात्री ११ ला पिंगच कमी असतात, थ्रेड रिकामा बसलेला असतो, तो लगेच थांबणारच.

पहिल्यापासून का भरतं ते पण सांगते. एक्झॅक्टली वन्समध्ये स्ट्रीम्स चालू असताना चेकपॉइंट फाइल (स्टेट कुठपर्यंत भरलंय त्याची खूण) ठेवतच नाही, टास्क नीट बंद झाला की मगच लिहितो. सुरू होताना ती फाइल दिसली नाही की तो डिस्कवरच्या रॉक्सडीबीवर (स्टेटचा लोकल डेटाबेस) भरवसाच ठेवत नाही, कारण अर्धवट ट्रान्झॅक्शनचं काहीतरी त्यात गेलेलं असू शकतं. मग सगळं पुसून चेंजलॉगच्या मुळापासून. ॲट लीस्ट वन्सला (नोंद निदान एकदा, कधी दोनदाही) मधूनमधून चेकपॉइंट पडत राहतो, तिथे असं झालं असतं तर थोडंच वाचावं लागलं असतं. म्हणजे तुझे ते एक-दोन पॉड नीट बंद झालेले नाहीत एवढं नक्की, त्यांची डिस्क शाबूत असली तरी.

घाटरस्ता

ताई खूप थँक्यू, आज दुपारी केलं. कालच्या संध्याकाळचे पिंग स्टेजिंगवर परत सोडले आणि मग आत जाऊन सिगटर्म मारला.

स्क्रिप्टमध्ये एक्झेक आहे. स्प्रिंग काफ्का ३ च्या पुढचं आहे, क्लीनअप बंद. एक्झिट कोड १४३!! आणि पूर्ण ११ सेकंदांत गेला. म्हणजे मी १२० सेकंद देऊन ठेवलेत आणि तो ११ मध्येच निघून जातोय.

लॉग असा आहे, वेळेसकट लिहितो

१६:०४:०७ स्टेट रनिंगमधून पेंडिंग शटडाउन
१६:०४:०७ पत्ता सर्व्हिस एरर, २ सेकंदांनी परत प्रयत्न
१६:०४:०९ पत्ता सर्व्हिस एरर, ४ सेकंदांनी परत प्रयत्न
१६:०४:१३ पत्ता मिळाला नाही, रिकामा ठेवून पुढे
१६:०४:१३ पत्ता सर्व्हिस एरर, २ सेकंदांनी परत प्रयत्न
१६:०४:१५ पत्ता सर्व्हिस एरर, ४ सेकंदांनी परत प्रयत्न
१६:०४:१७ स्ट्रीम्स क्लायंट दिलेल्या वेळेत पूर्ण थांबू शकला नाही
१६:०४:१७ हिकारी पूल शटडाउन सुरू, मग लगेच शटडाउन पूर्ण
१६:०४:१८ इथून पुढे काहीच नाही

पत्ता सर्व्हिस पूर्ण वेळ चालू होती, दुसऱ्या पॉडवरून त्याच मिनिटाला व्यवस्थित उत्तरं येत होती. मग बंद होताना बरोबर त्याच सेकंदाला एरर का यावेत? आणि हे १० सेकंद कुठून आले, मी कुठेच १० लिहिलेलं नाही.

जावावाली_ताई

लॉग इतका छान दिलास की सगळं त्यातच आहे बघ. ०७ पासून १७ पर्यंत बरोबर १० सेकंद. तो स्प्रिंग काफ्काच्या स्ट्रीम्स फॅक्टरी बीनचा क्लोज टाइमआउट, डिफॉल्ट १० सेकंद. स्ट्रीम्सचा आपला क्लोज, काही न देता बोलावला तर, थ्रेड थांबेपर्यंत अनंतकाळ थांबतो, पण स्प्रिंग त्याला १० सेकंद देऊन बोलावतं. तेवढ्यात थांबला नाही तर क्लोज फक्त फॉल्स परत देतो, एक्सेप्शन नाही काही नाही, आणि स्प्रिंग पुढच्या कामाला लागतं. पुढचं काम म्हणजे उरलेले बीन बंद करणं, त्यात तुझा हिकारी, म्हणजे डेटाबेस कनेक्शनचा पूल. आता स्ट्रीम थ्रेड अजून जिवंत आहे, हातात रेकॉर्ड आहे, आणि त्याच्या पायाखालचा पूल काढून घेतला. तो लिहायला गेला तर एक्सेप्शन, टास्क डर्टी (अर्धवट) बंद, आणि एक्झॅक्टली वन्समध्ये डर्टी बंद म्हणजे स्टेट गेलंच. आणि तो लिहायला जायच्या आत बाकीचं आवरून झालं, तर जेव्हीएम तसंच संपतं, शटडाउन हुक (बंद होताना चालणारे कोडचे तुकडे) संपले की ते चालू थ्रेडसाठी थांबत नाही. तुझ्या लॉगमध्ये दुसरं झालेलं दिसतंय. दोन्हीकडे चेकपॉइंट फाइल लिहिलीच जात नाही.

सहातले दोनच का, तर सिगटर्म आला तेव्हा ज्या थ्रेडच्या हातात कमी काम होतं तो १० सेकंदांत सुटला, ज्याच्या हातात जास्त तो अडकला. क्लोज थ्रेडला मधेच तोडत नाही, फक्त थांब म्हणून खूण करतो, थ्रेड चालू फेरी पूर्ण करून मग ती खूण बघतो. स्ट्रीम्समध्ये मॅक्स पोल रेकॉर्ड्स (एका फेरीत उचलायच्या नोंदी) डिफॉल्ट १००० आहे. एरवी तुझा पत्ता किती मिलिसेकंदात येतो माहीत नाही, पण १०० धरले तरी १००० रेकॉर्ड म्हणजे १०० सेकंद.

आता एरर. सिगटर्मच्या त्याच सेकंदाला सुरू झालेत म्हणजे तुमच्याच घरातलं कोणीतरी एचटीटीपी क्लायंट बंद करतंय. कोडमध्ये ॲड शटडाउन हुक शोध. जेव्हीएममध्ये नोंदवलेले सगळे हुक एकदम सुटतात, त्यांच्यात आधी-नंतर असं काही ठरलेलं नसतं. स्प्रिंगचा स्वतःचा हुक त्यातलाच एक. दुसऱ्या हुकने क्लायंट बंद केला असेल तर स्प्रिंग स्ट्रीम थांबण्याची वाट बघतंय आणि त्याच वेळी स्ट्रीमच्या प्रत्येक रेकॉर्डला मेलेल्या क्लायंटवर ६ सेकंद घालवावे लागतायत.

सांगलीकर_देवऑप्स

ताईंचं पटलं, माझा ३००चा सल्ला मागे घेतो.

अजून एक, सर्व्हिस मेश आहे का तुमच्याकडे? साइडकार (ॲपचं नेटवर्क सांभाळणारा शेजारचा कंटेनर) असेल तर सिगटर्म पॉडमधल्या सगळ्या कंटेनरना एकदमच जातो, साइडकार आधी मेला की ॲपला बाहेरचं नेटवर्कच नाही, ब्रोकरपर्यंत शेवटचा कमिटही पोचत नाही. कुबरनेटीस १.२९ पासून नेटिव्ह साइडकार डिफॉल्ट चालू आहेत, तसा डिक्लेअर केला तर तो मुख्य कंटेनर थांबल्यावरच थांबतो. आमच्याकडे हेच होतं, दोन महिने ब्रोकरला दोष देत होतो. बाकी प्रीस्टॉप हुकमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणारी कमांड) स्लीप टाकला असेल तर ते सेकंद पण ग्रेसमधूनच वजा होतात, हिशोबात धर.

घाटरस्ता

मेश नाही आमच्याकडे, प्रीस्टॉप पण नाही.

पण ताई, सापडला!! पत्त्याच्या क्लायंटच्या क्लासमध्ये, कन्स्ट्रक्टरच्या तळाशी, तीन ओळींचा शटडाउन हुक. स्प्रिंग येण्याआधी हे ॲप साधं जावा होतं तेव्हाचा आहे, त्या वेळी बरोबरच असेल. आणि अजून एक गोष्ट आज जुळली, आमच्या रिपोर्टवाल्या सहकारी गेले चार महिने सांगतायत की रिकाम्या पत्त्याच्या ओळी बुधवारी संध्याकाळी गठ्ठ्याने येतात, आम्ही पत्ता सर्व्हिसवाल्यांना तिकिटं टाकत होतो. बुधवारी संध्याकाळी आम्ही डिप्लॉय करतो. उद्या त्यांना जाऊन स्वतः सांगणार आहे, त्यांचं बरोबर होतं.

नाशिकचा_फ्लिंकवाला

मी फ्लिंकवर (काफ्का स्ट्रीम्ससारखंच दुसरं इंजिन) आहे पण धागा वाचून राहवलं नाही, कारण तिकडे हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो. तिथे कॅन्सल आणि स्टॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत चालू करायचं असेल तर सेव्हपॉइंट (स्टेटची प्रत) घेऊन स्टॉप. कॅन्सल केल्यावर टास्क १८० सेकंदांत थांबला नाही तर वॉचडॉग पूर्ण टास्क मॅनेजरच (टास्क चालवणारी प्रोसेस) पाडतो, म्हणजे कोणी यूजर कोडमध्ये ब्लॉकिंग कॉल करून बसला असेल तर शेजारचे टास्कही त्याच्याबरोबर जातात.

आणि ड्रेन. हे नाव ऐकून वाटतं की नळ बंद करून पाइपातलं पाणी पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे चांगलंच. आम्ही तेच समजून अपग्रेडच्या आधी ड्रेन लावून थांबवलं. ड्रेनमध्ये फ्लिंक सर्वात मोठा वॉटरमार्क (इथपर्यंतचा डेटा आला अशी वेळेची खूण) सोडतं, त्याला वाटतं आता यापुढे काही येणारच नाही, म्हणून अर्धी भरलेली प्रत्येक विंडो (ठराविक वेळेचा गट) त्याच क्षणी फुटते. आमच्या तासाच्या बेरजा होत्या, तासाला १७ मिनिटं झाली होती. १७ मिनिटांची बेरीज तासाची म्हणून पुढे गेली, मग परत सुरू केल्यावर त्याच तासाची उरलेली ४३ मिनिटांची दुसरी आली आणि तिने पहिलीवर लिहिलं. कागदपत्रात लिहिलंय की जॉब कायमचा संपवायचा असेल तरच ड्रेन, पण ते आम्ही नंतर वाचलं. तेव्हापासून आमच्या स्क्रिप्टमधून तो पर्यायच काढून टाकलाय.

घाटरस्ता, तुझ्या जागी मी असतो तर एचटीटीपी कॉल स्ट्रीम थ्रेडमधून बाहेरच काढला असता.

जावावाली_ताई

त्यांचं शेवटचं वाक्य खरं आहे पण ते दोन महिन्यांचं काम आहे, आधी रक्त थांबवू.

हुक काढ, क्लायंटला बीन कर, म्हणजे स्ट्रीम आधी थांबेल आणि क्लायंट नंतर बंद होईल, तो क्रम मग स्प्रिंगच सांभाळतं. मॅक्स पोल रेकॉर्ड्स १०० वर आण. एचटीटीपीचा रीड टाइमआउट आणि रीट्राय कमी कर. मग त्याच लोडवर मोज, सिगटर्मपासून नॉट रनिंग येईपर्यंत, वीस वेळा तरी, आणि सगळ्यात वाईट आकडा घे, सरासरी नको. क्लोज टाइमआउट त्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट. ग्रेस पिरियड क्लोज टाइमआउटहून मोठा, मध्ये पूल बिल बंद व्हायला १०-१५ सेकंद सोडून. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा नेहमी लहान. तुझ्याकडे आत १० आणि बाहेर १२० होते, म्हणून बाहेरचा कितीही वाढवून आतल्याला खबर नव्हती. उलटं असतं, आत १२० बाहेर ३०, तर सिगकिलने गेला असतास.

आणि एक सांगते, राहून जाईल. एक्झॅक्टली वन्स फक्त काफ्काच्या आतलं आहे. पोस्टग्रेसमधली ओळ त्या ट्रान्झॅक्शनमध्ये नाही. थ्रेड मध्येच मेला तर काफ्का ते रेकॉर्ड परत देणार आणि ओळ दुसऱ्यांदा पडणार. त्या टेबलवर युनिक (तीच ओळ दुसऱ्यांदा न घेणारा नियम) आहे का काही?

घाटरस्ता

नाही ताई, युनिक नव्हतं. आत्ता मोजलं, दुप्पट ओळी आहेत, आणि त्या पण बुधवारच्याच.

आजच्या डिप्लॉयचं सांगतो. हुक काढला, क्लायंट बीन केला, पोल १००, रीड टाइमआउट २ सेकंद आणि रीट्राय एकच. कालच्या लोडवर २५ वेळा सिगटर्म मारला, सगळ्यात वाईट १९ सेकंद, बहुतेक वेळा ६-७. क्लोज टाइमआउट ५० केला, ग्रेस पिरियड ७५. पॉडचं नाव स्टॅटिक मेंबर आयडी (पॉड परत आला की तोच जुना सदस्य धरला जातो) म्हणून दिलं, आणि काफ्का ३.० पासून सेशन टाइमआउट (गप्प सदस्याला मेला धरायची मुदत) डिफॉल्ट ४५ सेकंद आहे आणि आमचा पॉड थांबून परत उठायला एक मिनिट लागतं, म्हणून तो टाइमआउट ९० केला, म्हणजे एक पॉड जाऊन येईपर्यंत बाकीच्यांचं रीबॅलन्स (पार्टिशनची नव्याने वाटणी) होत नाही. पॉड खरंच मेला तर ९० सेकंद त्या पार्टिशन पडून राहणार हे कळतंय, ते टीमला विचारून घेतलं.

संध्याकाळी साडेसहाला, मुद्दाम गर्दीच्या वेळी, सहाही पॉड एकेक करून फिरवले. सहाही १४३, सहाही लॉगमध्ये पेंडिंग शटडाउननंतर नॉट रनिंग आलं, आणि त्याच्यानंतर हिकारीची ओळ, या क्रमाने. सगळ्यात हळू पॉड ५२ सेकंदांत परत पिंग घेऊ लागला. शेजारच्या बेंचवर एकही फोन वाजला नाही, मी सव्वासातपर्यंत तिथेच बसून होतो.

आता गाडी नंबर आणि पिंगच्या वेळेवर युनिक लावतोय, त्याआधी जुन्या दुप्पट ओळी काढायला लागतील, चार महिन्यांच्या आहेत. फ्लिंकवाले दादा, एचटीटीपी बाहेर काढायचं वेगळ्या धाग्यात विचारतो, तिथे याल का?

नाशिकचा_फ्लिंकवाला

येतो की. धागा टाकलास की लिंक इथेच दे.